आठवडाभर धरेल

लोक त्यांना पट्टेवाले म्हणत. गॅरेजच्या दारावर पाटी होती, पण तिच्यावरची अक्षरं उन्हाने इतकी विटली होती की तिथे काही लिहिलंय हे फक्त रंगवणाऱ्यालाच ठाऊक असावं. नवं गिऱ्हाईक पत्ता शोधत आलं की कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हात लांब करून सांगायचा, "पट्टेवाल्यांकडे ना? ते बघा, निळं शटर." एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, मला मेकॅनिक हवाय. ऑफिसातला शिपाई घेऊन मी काय करू?" हा किस्सा पंक्चरवाल्याने पुढे कितीतरी वर्षं पुरवून पुरवून सांगितला, आणि पट्टेवाले दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसले.

नाव पडलं ते त्यांच्या हट्टामुळे. गाडी कसल्याही कामाला येवो, काच चढत नसो की हॉर्न वाजत नसो, ते आधी आत वाकून किलोमीटरचा आकडा बघत आणि विचारत, "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" दहातल्या नऊ जणांना ही काय चीज आहे हेच माहीत नसे. मग पट्टेवाले हातातला पाना खाली ठेवून समजावत बसत. इंजिनात पिस्टन खालून वर येतो आणि वरून व्हॉल्व्ह खाली उघडतात. दोघांना जागा एकच. एक आला की दुसऱ्याने निघायचं, मिनिटाला हजार-दीड हजार वेळा. ही पाळी सांभाळतो तो एक दातेरी रबरी पट्टा. तो तुटला की व्हॉल्व्ह जिथे असतील तिथे अडकतात, आणि पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतो. पाचेक वर्षं किंवा ऐंशी हजार किलोमीटर, जे आधी होईल तेव्हा पट्टा बदलायचाच.

"पण आधी काही आवाज येईलच की," गिऱ्हाईक म्हणायचं.

"तीच तर गोम आहे. क्लच कुरकुरतो, ब्रेक किंचाळतो, बेअरिंग दोन गल्ल्यांपलीकडून ऐकू येतं. पट्टा मात्र तुटेपर्यंत चकार शब्द काढत नाही."

एवढ्यानेही पटलं नाही तर ते फळीवरचा पत्र्याचा डबा काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर दोन-तीन वाकलेले व्हॉल्व्ह ठेवत. मग बहुतेक जण तारीख ठरवूनच जात.

गॅरेज वडिलांचं. वडील गेले तेव्हा पट्टेवाले तेवीस वर्षांचे होते, आई दीड वर्षाने गेली, आणि मागे राहिली ती त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान असलेली बहीण. गॅरेजपासून दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत दोघं राहिली. आधी हिचं होऊ दे मग माझं बघू, असं ते म्हणत राहिले. दादाचं झाल्याशिवाय मी नाही, असं ती म्हणत राहिली. या आधी-तुम्ही-आधी-तुम्हीत पंचवीस-तीस वर्षं निघून गेली. तक्रार कुणाचीच नव्हती. बहीण एका शाळेच्या कचेरीत टायपिंगचं काम करायची आणि संध्याकाळी शाळेतल्या सगळ्या भानगडी नकलांसकट सांगायची. पट्टेवाले ऐकायचे. त्यांना स्वतःला सांगण्यासारखं फारसं काही नसायचं, आणि तशी गरजही पडत नसे.

मग सेहेचाळिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. शाळेत मुलांचे डोळे तपासायला येणारा चष्म्याच्या दुकानाचा मालक, बायको वारलेली, माणूस सज्जन. तिने घाबरत घाबरत सांगितलं तेव्हा पट्टेवाल्यांना खरोखर आनंद झाला. त्यांनी सगळी धावपळ केली, तिचं कपाट स्वतः दोऱ्या बांधून टेम्पोत चढवलं, चार तासांचा प्रवास करून ते तिच्या नव्या घरात लावून दिलं. परत आले ते थेट घराच्या दारापुढे उभे राहिले आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की किल्ली नाही. इतक्या वर्षांत त्यांनी या दाराचं कुलूप कधी उघडलंच नव्हतं. ते यायचे तेव्हा दार उघडंच असायचं. किल्ली बहिणीच्या पर्समधून चार तास दूर गेली होती. शेवटी पंक्चरवाल्याकडून पहार आणून कुलूप तोडावं लागलं.

त्यानंतर घर शांत झालं. बहीण दर रविवारी सकाळी दहाला फोन करायची, अर्धा तास बोलायची, आणि मग सहा दिवस मध्ये पडलेले असायचे. गॅरेजात बोलणं व्हायचं, पण ते कामाचं. शटर खाली ओढल्यावर दुसऱ्या दिवशी शटर वर जाईपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे. एकदा भाजी चिरता चिरता त्यांनी उगाचच "हं" असं म्हणून पाहिलं. आवाज आपला वाटला नाही. पुन्हा म्हटलं नाही.

याच दिवसांत ब्रेलबाई गॅरेजात आल्या.

उतारवयात दृष्टी गेलेल्या माणसांना ब्रेल वाचायला शिकवणं हे त्यांचं काम. अशी माणसं घराबाहेर पडायला घाबरतात, म्हणून या त्यांच्या घरी जायच्या. शहरात आणि आसपासच्या टेकड्यांवरच्या वस्त्यांत मिळून त्यांचे चौदा-पंधरा विद्यार्थी होते, सगळे साठीच्या पुढचे. बाई स्वतः पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला चुरुचुरु. गाडी सात वर्षांची, छोटी, मागून बसल्यासारखी दिसणारी.

"मागे काय दगड भरलेत का?" पट्टेवाल्यांनी विचारलं.

बाईंनी डिकी उघडली. आत ब्रेलची पुस्तकं होती, एकेक उशीएवढं जाड. त्यांनी एक उघडून पट्टेवाल्यांची बोटं कागदावर टेकवली. पट्टेवाल्यांना नुसता कागद लागला.

"तुमच्या बोटांना घट्टे पडलेत," बाई हसून म्हणाल्या. "तुम्हाला शिकवायचं म्हणजे मला खिळे ठोकून अक्षरं काढावी लागतील."

आल्या होत्या हेडलाइट बदलायला. पट्टेवाल्यांनी आकडा बघितला. अठ्ठ्याहत्तर हजार. पट्टा कारखान्यातून आलेला, तोच. त्यांनी सगळं समजावलं, डबाही दाखवला. बाईंनी वाकलेला व्हॉल्व्ह बोटांनी चाचपून बघितला आणि म्हणाल्या, "पटलं. पण गाडी दोन दिवस ठेवावी लागणार ना? या महिन्यात तीन नवीन विद्यार्थी लागलेत. पहिल्याच आठवड्यात मी गेले नाही तर ते पुन्हा पांघरूण ओढून बसतील. पुढच्या महिन्यात नक्की."

पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. पट्टेवाल्यांनी फोन केला. असा फोन ते सगळ्याच गिऱ्हाइकांना करत, एकदा किंवा दोनदा. दुपारचा दीड वाजला होता. बाई दोन शिकवण्यांच्या मध्ये रस्त्याकडेला गाडी थांबवून डबा खात होत्या.

"किती झाले?" पट्टेवाल्यांनी विचारलं.

"अय्या, थांबा. एकोणऐंशी हजार दोनशे. मी आणते हो. रागावू नका. आता बघा ना, आमचे पोस्टमास्तर आजोबा कालपर्यंत पुस्तकाला हात लावत नव्हते आणि आज अख्खी ओळ वाचली त्यांनी. आता मध्ये खंड पडला तर मला वाईट वाटेल."

मग पोस्टमास्तर आजोबांविषयी त्या दहा मिनिटं बोलल्या. पट्टेवाल्यांनी शटरच्या सावलीत उभं राहून ऐकलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा फोन केला, पुन्हा दीडलाच. मग दर शुक्रवारी. त्यांनी ठरवलं असं काही नव्हतं, पण शुक्रवारी सव्वा वाजला की ते हात धुवायला लागत. बाई फोन उचलून आधी आकडा सांगायच्या, मग कारण सांगायच्या, आणि मग गोष्टी. एक आजी होत्या, त्या वाचायला बसल्या की नवरा उजेड खुपतो म्हणून कायम कटकट करायचा. आता आजी पांघरुणाच्या आत पुस्तक उघडतात आणि अंधारात मजेत वाचतात, त्याला पत्ताच नाही. एक जण स्वतःच्याच लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर ब्रेलमध्ये करून मागत होते. पट्टेवाले हसायचे, एखादा प्रश्न विचारायचे, आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "बाई, पट्ट्याचं मनावर घ्या."

ते म्हणायचे, आणि त्यांना काळजी होतीच. नवा पट्टा, ताण देणारी पुली आणि पाण्याचा पंप असा सगळा संच त्यांनी केव्हाच आणून फळीवर ठेवला होता. पण काळजीच्या जोडीला आणखीही काहीतरी होतं, आणि त्याच्याकडे ते बघत नव्हते. ब्याऐंशी झाले, पंचाऐंशी झाले. रविवारी बहिणीशी बोलताना आता त्यांच्याकडेही सांगायला गोष्टी असायच्या. बहीण म्हणाली, "दादा, तू हल्ली केवढा बोलतोस!"

आणि मग एका सोमवारी, फोनचा वार नसताना, बाईंचाच फोन आला.

"घ्या. जिंकलात तुम्ही. उद्या आणि परवा सगळ्यांना सुट्टी दिली आहे. अठ्ठ्याऐंशी हजार झाले, आता मलाच भीती वाटायला लागली. उद्या सकाळी नऊला गाडी घेऊन येते."

पट्टेवाले एका गाडीखाली पाठीवर आडवे होते. फोन कानाला लावून ते तसेच पडून राहिले. वर काळं पडलेलं सायलेन्सर होतं. त्यांना दिसलं ते असं: उद्या गाडी येईल, परवा पट्टा बसेल, आणि मग पाच वर्षं त्या गाडीला त्यांची गरज नाही. शुक्रवारी दीड वाजता विचारायचं काय?

"उद्या नको," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "उद्या जरा गर्दी आहे. पुढच्या सोमवारी आणा ना. इतके महिने धरला, आठवडाभर धरेल."

"नक्की ना? तुम्ही म्हणताय म्हणजे धरेल," बाई म्हणाल्या. "मग मी उद्याच्या शिकवण्या घेऊनच टाकते."

तीस-पस्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाला म्हटलं नव्हतं. उलट दुसरा कुणी मेकॅनिक असं बोलला की ते त्याच्यावर तुटून पडत. मंगळवारी गॅरेजात एकही गाडी नव्हती. त्यांनी पाने पुसून ठेवले, फळी आवरली, नव्या पट्ट्याचं खोकं उचलून पुन्हा होतं तिथेच ठेवलं. दोनदा फोन हातात घेतला. काय सांगणार, गर्दी संपली म्हणून? बुधवारी दोन गाड्या आल्या आणि त्यांना बरं वाटलं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला बाईंच्या नंबरवरून अनोळखी आवाजात फोन आला. "या नंबरवरून सारखे फोन आलेले दिसतात, म्हणून तुम्हाला लावला. इथे 'पट्टेवाले' असं लिहिलंय. बाईंना ॲक्सिडेंट झालाय. तशा शुद्धीवर आहेत. तुम्ही कोण त्यांचे?"

"मी मेकॅनिक," पट्टेवाले म्हणाले.

पलीकडचा माणूस म्हणाला, "बरं. मग गाडी तरी घेऊन जा."

टेकडीवरून उतरताना, वळणाच्या जरा आधी, इंजिन एकदम बंद पडलं होतं. इंजिन गेलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेक एक-दोन दाबांनंतर लाकडासारखा. बाईंनी जीव खाऊन स्टिअरिंग वळवलं म्हणून गाडी दरीच्या बाजूला न जाता आतल्या बाजूच्या दगडी भिंतीला घासत, आपटत थांबली. मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्याने त्यांना दवाखान्यात नेलं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

पट्टेवाले आधी दवाखान्यात गेले नाहीत. गाडीकडे गेले. लोकांना पुढे हे विचित्र वाटलं, पण त्यांना दुसरं सुचलंच नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, प्लास्टिकचं कव्हर सोडवलं. पट्ट्याच्या चिंध्या झाल्या होत्या, दात सोललेल्या बियांसारखे खाली पडले होते. वरच्या सीलमधून तेल झिरपून रबर फुगलेलं दिसत होतं. तेलाने पट्टा कुजतो. वय, किलोमीटर काही बघत नाही. मंगळवारी नऊला गाडी आली असती तर सव्वानऊला त्यांना हे दिसलं असतं. ते रस्त्याच्या कडेला बसले. वळणावरून गाड्या जात होत्या, एकदोघांनी मदत हवी का म्हणून विचारलंही.

दवाखान्यात बाई उशीला टेकून बसल्या होत्या. हात खांद्यापर्यंत बांधलेला. पट्टेवाल्यांना पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते हो," त्या म्हणाल्या. "दहा महिने ओरडत होतात. मीच ऐकलं नाही. माझीच चूक."

आता बोलायचं होतं. पट्टेवाल्यांनी तोंड उघडलं. "होतं असं," ते म्हणाले. "तुम्ही आराम करा. गाडीचं मी बघतो."

पुढचे चार आठवडे त्यांनी त्या गाडीशिवाय दुसरं काम जवळपास केलंच नाही. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. आठांपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले, दोन पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे खड्डे. त्यांनी नवे व्हॉल्व्ह आणले, एकेक हाताने फिरवून त्याच्या जागेत घासून बसवला, रॉकेल ओतून थेंब गळतो का ते बघितलं, गळाला तर पुन्हा घासला. पिस्टन बदलले. सगळी सीलं बदलली. शेवटी नवा पट्टा चढवला, पुलींवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांना जुळवल्या, इंजिन हाताने दोनदा पूर्ण फिरवलं आणि खुणा पुन्हा तपासल्या. एवढ्यावर भागायला हवं होतं. त्यांनी त्या अकरा वेळा तपासल्या.

रोज संध्याकाळी ते बाईंकडे दूध, भाजी, औषधं पोचवायचे. बाईंच्या घरी माणसांची ये-जा असायची; विद्यार्थ्यांच्या मुली, सुना, शेजारी. आणि प्रत्येकाला बाई सांगायच्या, "हे आमचे मेकॅनिक. यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं, मी लक्ष दिलं नाही. आणि बघा, वर हेच माझ्यासाठी धावतायत. अशी माणसं राहिली नाहीत हो आता." माणसं कौतुकाने बघायची. पट्टेवाले पिशवी ठेवून उठायचे. जिन्यात त्यांना धाप लागायची, उतरताना.

तिसऱ्या रविवारी त्यांनी बहिणीला सांगितलं. ती आधी हसलीच. "तू? आणि आठवडाभर चालेल म्हणालास?"

"गर्दी आहे म्हणालो."

"होती का?"

"नव्हती."

"मग दादा, ते खोटंच झालं की रे." मागे भावजींच्या रेडिओचा आवाज येत होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी इकडे आले म्हणून का?"

"छे, छे! तुझा काय संबंध? वेडी आहेस का?"

"ती काय म्हणते? हाताचं?"

"उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही म्हणतात. नस दबली होती. कदाचित येईल, कदाचित नाही."

"ती बोटांनीच शिकवते ना रे?"

"हो."

"सांगितलंस तिला?"

पट्टेवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. बहीण म्हणाली, "सांग. ती बोलायची बंद होईल, तरी सांग. नाहीतर तू तिच्यासमोर बसशील आणि खरा तू तिथे नसशीलच. त्याहून एकटा मग काय होणार आहेस?" आणि मग ती रडायला लागली, तेव्हा पट्टेवाल्यांनाच तिची समजूत काढावी लागली.

गाडी तयार झाली त्या दिवशी बाई गॅरेजात आल्या. हाताला आता नुसता कापडी पट्टा होता. पट्टेवाल्यांनी इंजिन सुरू करून दाखवलं, बंद केलं. बाई म्हणाल्या, "नवी वाटते." पट्टेवाल्यांनी स्टूल पुसून पुढे केलं. त्या बसल्या. ते उभेच राहिले.

"त्या मंगळवारी गर्दी नव्हती," ते म्हणाले.

"कुठल्या मंगळवारी?"

"तुम्ही गाडी आणते म्हणालात तेव्हा. गॅरेज रिकामं होतं. संच फळीवर होता. तुम्ही आला असतात तर बुधवारपर्यंत झालं असतं."

बाईंना कळायला वेळ लागला. "मग नको का म्हणालात?"

"पट्टा बदलला की फोन करायला काही राहिलं नसतं."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. बाईंनी डाव्या हाताने उजव्या हाताची ती दोन बोटं धरली होती. हल्ली ती सवयच झाली होती त्यांना.

"मी सगळ्या जगाला सांगत सुटले, माझी चूक म्हणून," त्या म्हणाल्या. "तुमच्यासमोर. आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"हो."

"चहाला या म्हणाला असतात तरी आले असते की हो मी. एवढं साधं होतं." त्यांचा आवाज चढला नाही, आणि पट्टेवाल्यांना तो चढला असता तर बरं वाटलं असतं. "किल्ली द्या."

त्या गेल्या. एका हाताने गाडी मागे घेताना त्यांना त्रास होत होता, पण पट्टेवाल्यांना पुढे होऊन मदत करायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर सात महिने काही नाही. गाडीची सर्व्हिसिंग त्या दुसरीकडे करतात असं पंक्चरवाल्याकडून कळलं. बोटांत संवेदना परत आली नाही, त्या डाव्या हाताने वाचायला नव्याने शिकल्या, हेही असंच कुणाकडून तरी. पट्टेवाल्यांनी फोन केला नाही. शुक्रवारी दीड वाजता ते मुद्दाम आवाजाचं काम काढत, पत्रा ठोकायचं वगैरे. गिऱ्हाइकांना पट्ट्याबद्दल सांगणं चालूच होतं, पण समजावण्यात आता पूर्वीची मजा नव्हती. कुणी "अजून आठवडाभर चालेल ना?" असं म्हणालं की ते नुसते "नाही" म्हणत, आणि असं म्हणत की समोरचा किल्ली काढून देई.

बहीण येऊन आठ दिवस राहून गेली. तिने पडदे धुतले, भांडी घासली, पंक्चरवाल्याला दम भरला की आमच्या दादाला रोज संध्याकाळी चहाला घेऊन जात जा. तो दोन-तीन दिवस घेऊन गेला, मग राहून गेलं.

एका सकाळी गॅरेजसमोर ती गाडी थांबली. पट्टेवाले जागचे हलले नाहीत. बाई उतरल्या, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि एका उंच, काळा चष्मा लावलेल्या म्हाताऱ्याला हाताला धरून आत घेऊन आल्या.

"हे माझे नवे विद्यार्थी," त्या म्हणाल्या. बोलणं सरळ, मोजकं. "चाळीस वर्षं बस चालवली यांनी. आता दिसत नाही. पुस्तक दिलं की फेकून देतात. इंजिनाशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. माझ्याने इंजिनावर बोलवत नाही."

"मी इथेच उभा आहे, बहिरा नाही," म्हातारा म्हणाला.

"मंगळवारी आणि शुक्रवारी दोन तास इथे बसू दे त्यांना. हात लावू दे, काही सोडवू दे. बोटांना काहीतरी ओळखायची सवय लागली की मग मी पुढचं बघेन." मग त्यांनी पट्टेवाल्यांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "हे मी यांच्यासाठी करतेय. तुमच्यासाठी नाही. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि जाईल का ते मला माहीत नाही."

"बरोबर आहे," पट्टेवाले म्हणाले. "बसू दे त्यांना."

"दोन तासांनी येते."

गाडी गेली. म्हाताऱ्याने नाक वर करून वास घेतला. "डिझेल नाही एकही. सगळी पेट्रोलची खेळणी ठेवलीत," तो तुच्छतेने म्हणाला. "बसायला काही आहे का, का मी खांबासारखा उभा राहू?"

पट्टेवाल्यांनी स्टूल आणलं, त्याचा हात धरून बसवलं, आणि दुरुस्तीला आलेला एक पाण्याचा पंप त्याच्या मांडीवर ठेवला. म्हाताऱ्याची बोटं त्याच्यावरून फिरली, थांबली, परत फिरली. "बेअरिंग गेलंय याचं," तो म्हणाला. "आणि हा बोल्ट कुठल्या गाढवाने लावला? वाकडा घालून आटे मारलेत." मग त्याने बसबद्दल बोलायला सुरुवात केली. कुठली बस चढाला दम टाकायची, कुठल्या कंडक्टरने एकदा प्रवाशाला विसरून घंटा मारली. अडीच तास झाले तरी तो बोलतच होता. मध्येच थांबून त्याने विचारलं, "तुम्ही आहात ना? की मी भिंतीशी बोलतोय?"

"आहे," पट्टेवाले म्हणाले. "पुढे काय झालं?"

बाहेर हॉर्न वाजला. बाई गाडीतून उतरल्या नाहीत. पट्टेवाल्यांनी म्हाताऱ्याला कोपराला धरून गाडीपर्यंत नेलं, दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वर हात ठेवला, पट्टा लावून दिला.

"शुक्रवारी दहाला," बाई समोर रस्त्याकडे बघत म्हणाल्या.

"दहाला," पट्टेवाले म्हणाले.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. त्यांनी आत येऊन स्टूल भिंतीला लावलं, आणि तो बोल्ट खरंच कुणी आटे मारून बसवला होता ते उजेडात धरून बघितलं. गेल्या खेपेला त्यांनीच बसवला होता.